शिव्या खायला माणूस हवा

आमच्या काकांनी कुठल्याही गोष्टीला "चांगली" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. बर्फाची लादी साच्यातून निघाली की ते वाकायचे, कान तिच्याजवळ न्यायचे आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचे. टक टक. मग एक तर "टिकेल" म्हणायचे, नाहीतर "न्हाय टिकनार". संपला निकाल. हीच तपासणी त्यांनी कलिंगडांवर केली, नव्या टेम्पोच्या दरवाजावर केली, पुतण्याला सांगून आलेल्या मुलीच्या घराच्या भिंतीवरही केली. भिंत पास झाली आणि लग्न ठरलं. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी माझा कॉम्प्युटर ठोकून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"पोकळ वाजतंय," म्हणाले.

"काका, तो पोकळच असतो. आत पंखा असतो."

"पंखा? मंजे ह्याला पन गरम होतं? मग ह्यो कसला टिकतोय!"

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. रेवदंड्याच्या खाडीला लागून त्यांचा बर्फाचा कारखाना आहे आणि त्याला जोडून मासळी ठेवायचं शीतगृह. मी चौलची, नारळ-सुपारीच्या वाडीतली. कॉम्प्युटरचं शिक्षण मुंबईत केलं, तिथे चार वर्षं नोकरी केली, आणि आईच्या दुखण्यापायी घरी परत आले. इथे माझ्याजोगं काम एकच निघालं, ते काकांकडे. पहिल्या दिवशी स्वेटर घालून गेले तर सगळे कामगार हसले. आठवड्यातच त्यातल्या दोघांनी तो स्वेटर उसना मागितला, ती गोष्ट वेगळी.

काकांचा आजा मिठागरावर, बाप मिठागरावर, आणि हे बर्फात. ते म्हणायचे, "आमच्या घराण्याचा धंदा एकच गो. टिकवायचा. आजानं मिठानं टिकवला, मी बर्फानं टिकवतो." थंडीवर त्यांची अशी श्रद्धा होती की देवाला हेवा वाटावा. मासळीच्या खोल्यांपैकी दोन नंबरच्या खोलीत एक फळी खास त्यांची होती. तिच्यावर काकूंची लग्नातली पैठणी, विम्याचे कागद, दाढीची पाती, टॉर्चचे सेल आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्या. पैठणीला पापलेटाचा वास लागला म्हणून काकू चार दिवस बोलल्या नाहीत. "पन रंग बघ, रंग!" असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले.

आता शीतगृहात काम कसं चालतं ते सांगते. आसपासच्या कोळीवाड्यांतल्या बाया आणि बोटवाले आपल्या मासळीच्या पेट्या आमच्याकडे ठेवतात आणि भाव बघून काढतात. प्रत्येक बाई आपल्या पेटीला आपल्या जुन्या लुगड्याची एक चिंधी बांधते. कुणाची हिरवी, कुणाची जांभळी ठिपक्यांची. ही पद्धत कारखान्याच्याही आधीची. पण पेट्या झाल्या चारशेच्या वर. खोलीत गेल्यावर अर्ध्या दिवसात चिंध्यांवर पांढरं हीव चढतं आणि सगळ्या लुगड्यांचा रंग एक होतो. शोधत बसलं तर दार उघडं राहतं, आणि दार उघडं राहिलं की सगळ्यांचीच मासळी बिघडते. म्हणून कुणाची पेटी कुठल्या खोलीत, कुठल्या ओळीत, हे कॉम्प्युटरवर हवं.

ते होतंही. मी यायच्या आधी काकांनी मुंबईच्या एका कंपनीकडून चांगलं महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं. एका दुपारी वीज गेली आणि त्यातली अख्ख्या दिवसाची नोंद गायब झाली. गडबडीत चांगुणामावशीची पापलेटं दुसऱ्याच बाईच्या टेम्पोत चढली आणि बाजारात विकूनही गेली. चांगुणामावशी म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या कोळणींची पुढारी. तिने कमरेवर हात ठेवून काकांना सुनावलं, "दादूस, येक डाव माफ. परत आसं जालं तर माजी पेटी हितं न्हाय, आनि माज्या मागनं कुनाचीच न्हाय." ती गेली असती तर चाळीस बाया तिच्यामागून गेल्या असत्या, आणि मग शीतगृहात उरली असती ती फक्त काकूंची पैठणी. मला कामावर घेतलं ते याच भीतीने.

मी महिनाभर बघितलं आणि काकांना सांगितलं की हे सॉफ्टवेअर काढून टाकू. मी नवीन लिहिते, आणि त्याच्या पोटात नोंदी सांभाळायला एक डेटाबेस घेऊ. तो फुकट मिळतो. जगभरातल्या माणसांनी मिळून बांधलाय, आतलं सगळं कुणालाही वाचता येतं, आणि मालक असा कुणी नाही.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "फुकट?"

"हो."

"मालक न्हाय?"

"नाही."

"मग बिगाडलं तर मी शिव्या कुनाला घालू?"

हसू नका. हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि नंतर मला कळलं की मोठमोठ्या कंपन्यांतले सूटवाले साहेबही हाच प्रश्न विचारतात, फक्त सभ्य शब्दांत. काकांचे व्यवहार शिव्यांवर चालत. कॉम्प्रेसरवाल्याला, बारदानवाल्याला, विजेच्या हपिसातल्या माणसाला ते फोनवरून मनापासून शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच आंब्याची पेटी पाठवायचे. ज्याला शिव्या घालता येत नाहीत त्याच्याशी धंदा कसा करणार?

"त्या मुंबईच्या कंपनीला घातल्यात ना शिव्या?" मी विचारलं.

"घातल्या तर! दोन तास घातल्या. त्या सायबानं सगल्या ऐकून घेतल्या. मानूस लई चांगला."

"मग पापलेटं परत आली?"

काका चहावरची साय बोटाने बाजूला करत बसले. मग म्हणाले, "तुजा तो फुकटवाला मंजे गावकीच्या विहिरीसारका का? सगल्यांची, कुना एकाची न्हाय?"

"अगदी तसाच."

"मग मना सांग, गाल कोन काडतं?"

गावकीच्या विहिरीची खरी गोम हीच असते. पाणी सगळे भरतात, गाळ काढायला उतरायचं म्हटलं की ज्याच्या त्याच्या कमरेत उसण. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि दाखवलं. कुठल्या तारखेला कुणी काय दुरुस्त केलं, कुणी चूक दाखवली, ती किती दिवसांत काढली, सगळं वर्षानुवर्षं मागे जाऊन वाचता येतं. काकांना इंग्रजी बेताचं, पण तारखा वाचता यायच्या. दोन दिवस ते चष्मा नाकावर घेऊन नुसत्या तारखा वाचत होते. "दिवालीत पन उतरलेत गो विहिरीत," एकदा म्हणाले. त्यांना काय ठाऊक, त्या माणसांना दिवाळी नसते. मीही सांगितलं नाही.

पण काका असे एका बाजूचं ऐकून निकाल देणारे नव्हते. त्यांनी त्या महागड्या कंपनीच्या विक्रेत्यालाही नव्या आवृत्तीबद्दल बोलायला बोलावलं. तो भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरला आणि तिथून रिक्षाने आमच्याकडे पोचला तेव्हा त्याचा चेहरा शेवळासारखा झाला होता. काकांनी त्याला लिंबूसरबत पाजलं, पाय वर घेऊन बसवलं, आणि मग हळूच विचारलं, "तुमच्या ह्याच्यात चुका किती?"

"शून्य!" तो ताठ होत म्हणाला. "आमच्या प्रॉडक्टमध्ये चूक नाहीच, सर. आणि तो फुकटचा डेटाबेस? त्याच्या चुकांची यादी हजारांत आहे, त्यांनी स्वतःच छापलीय!"

काकांनी त्याला परतीच्या वाटेसाठी आल्याची वडी दिली आणि निरोप दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "माज्या उभ्या जन्मात मी गलती नसलेली बोट एकच बगितली. ती किनाऱ्यावर बांदून व्हायची होती." एवढं बोलून लाद्या ठोकायला निघून गेले.

त्यांच्या मनात एक शंका मात्र राहिली होती. नोंद अर्धी लिहून झाली आणि त्याच क्षणी वीज गेली तर? मी म्हटलं, बांधणाऱ्यांनाच विचारू, त्यांची पत्रं टाकायची जागा आहे. काकांनी उभं राहून मजकूर सांगितला, मी इंग्रजी केलं. मजकूर असा होता: आम्ही बर्फवाले आहोत. आमच्याकडे वीज दिवसातून कितीही वेळा जाते. बायांची मासळी आमच्या भरवशावर आहे. तुम्ही खरं सांगा, खोटं सांगाल तर मासळी सडेल.

संध्याकाळच्या आत दोन उत्तरं आली. त्यातलं एक लांबलचक होतं. कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाने लिहिलं होतं की बर्फवाल्यांकडून पहिल्यांदाच पत्र आलंय. डेटाबेसवर भरवसा ठेवा, पण डिस्कवर ठेवू नका. काही डिस्का खोटं बोलतात, लिहिलं नसताना "लिहिलं" म्हणतात. माझ्या शब्दावर विसंबू नका, चालू काम असताना प्लग उपटा आणि स्वतः बघा.

"डिस्क खोटं बोलते!" काकांना केवढा आनंद झाला. कारखान्यातल्या प्रत्येकाला बोलावून त्यांनी ही बातमी सांगितली. त्या माणसाला वाळवलेल्या कोळंबीचे सोडे पाठवतो म्हणून पत्ता मागितला, त्याने आभार मानून नको म्हटलं. काका ऐकतात होय! त्यांनी दोन नंबरच्या खोलीत त्याच्या नावाची एक पेटी ठेवली, काकूंच्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधून. आमच्या यादीत अजूनही ती नोंद आहे. मालकाच्या रकान्यात "उत्तर देणारे साहेब", आणि माल म्हणून चार पापलेटं. दर महिन्याला ती पापलेटं आम्ही त्यांच्या नावाने तळून खातो आणि नवीन ठेवतो. साहेबांना पत्ता नाही.

प्लग उपटायची कल्पना काकांना इतकी पटली याला कारण होतं. आमच्याकडे नवी बोट बांधली की पाण्यात उतरवायच्या आधी तिला कोरड्यावरच आतून पाण्याने भरतात. बाहेरून कुठे पाझरतं ते सुतार बघतो आणि तिथे भरणी करतो. समुद्र बाहेरून आत यायच्या आधी आपण पाणी आतून बाहेर काढून बघायचं. काका म्हणाले, "हां, आता समाजलं. ह्याला पन आदी आतून भिजव."

जून-जुलै मासेमारी बंद, खोल्या निम्म्या रिकाम्या. कामगारांना दुसरं काम नव्हतं. काकांनी रिकाम्या पेट्यांत नारळाच्या करवंट्या भरल्या, चिंध्या बांधल्या आणि खेळ मांडला. एक जण पेटी आत नेणार, ओरडून ओळ सांगणार, मी नोंद करणार, काका पेन्सिलीने पाटीवर शेवटची नोंद लिहून ठेवणार. आणि मग अचानक, कधी सकाळी, कधी माझा डबा उघडलेला असताना, "ग्येऽऽली!" अशी आरोळी देऊन प्लग उपटणार. यंत्र पुन्हा सुरू करायचं आणि पाटीशी ताडून बघायचं. दिवसातून वीस वेळा! कोळीवाड्यातल्या बाया दुपारच्या वेळी सुपारी कातरत हा तमाशा बघायला येऊन बसायच्या. चांगुणामावशीने तर दोनदा स्वतःच्या हाताने प्लग ओढला, आणि एकदा चुकून पंख्याचा.

डेटाबेस दर वेळी उठत होता, अंग झटकून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सांगत होता. मी फुशारून गेले होते. आणि जुलैच्या मध्यावर, एका बुधवारी, पाटीवर होतं "जांभळी ठिपक्यांची, खोली एक, ओळ तीन" आणि पडद्यावर ते नव्हतं.

काकांनी पाटी दोनदा डोळ्यांजवळ नेऊन बघितली, जणू दोष पेन्सिलीचाच. मग माझ्याकडे वळले. "काय गो? तुजा फुकटवाला नापास?"

मला कारण तत्क्षणी कळलं होतं. लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही, अशी एक अट त्या डेटाबेसमध्ये असते. आदल्या दिवशी मी ती बंद केली होती. बंद केली की काम वेगाने होतं, आणि चांगुणामावशी "लई हलू चालतंय तुजं" म्हणाली होती ते मला लागलं होतं. आता बघा, गप्प बसणं किती सोपं होतं! डेटाबेसवर ढकलायचं. त्याचा मालक नाही, वकील नाही, रेवसला उतरून भांडायला येणारा कुणी नाही. फुकटच्या वस्तूवर आळ घ्यायलाही फुकट. पण त्या लांबच्या माणसाचं पत्र डोळ्यांसमोर आलं. त्याने आपला संध्याकाळचा वेळ घालवून अनोळखी बर्फवाल्यांना खरं सांगितलं होतं.

"तो नापास नाही, काका. मी नापास," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, ते लपवायला गेले तर आणखी आलं.

मला वाटलं, नोकरी गेली. काकांनी पाटी भिंतीला टेकवली. "मंजे बोट चांगली, भोक तू पाडलंस."

"हो."

"बरं, बुजव," म्हणाले. "आनि मावशे, हलू चालतंय तर चालूदे. तुला कुटं ट्रेन पकडायचीय?"

नारळी पौर्णिमेला काकांनी समुद्राला नारळ वाहिला आणि परत येऊन एक कॉम्प्युटरपुढे फोडला, पाणी आत जाऊ नये म्हणून मी मध्ये उभी. दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू होणार होतं. "टिकेल" हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. उलट एक कोरा कागद पुढे सरकवला.

"लिही. ह्यो डेटाबेस बिगाडला तर शिव्या मी खाईन."

"काका!"

"खाली सही. मना मानूस पायजे गो. मालक नसूदे, पन शिव्या खायला मानूस हवा."

मी लिहून दिलं. चांगुणामावशीने साक्षीदार म्हणून अंगठा दिला, तिला सही येत असूनही, कारण अंगठा जास्त पक्का असतो असं तिचं म्हणणं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती दुपार आली. आगरदांड्याच्या बाजूच्या बोटीही आमच्याकडे वळल्या होत्या, खोल्या गच्च भरलेल्या, बाहेर टेम्पो रांगेत. मी चांगुणामावशीच्या पेट्यांची नोंद करून हात उचलते तोच विजेच्या खांबावर मोठा आवाज झाला आणि आमच्या कॉम्प्युटरमधून धूर आला. करवंट्यांचा खेळ नव्हता तो. खोल्यांचा कॉम्प्रेसर जनरेटरवर सुरू झाला, पण कुणाची पेटी कुठे हे सांगणारं यंत्र जळून गेलं होतं. बाया दाराशी जमल्या. चांगुणामावशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. ते बघणं मला सोसेना.

आम्हा दोघांचं असं ठरलं होतं की दर शनिवारी मी सगळ्या नोंदींची प्रत एका छोट्या डिस्कवर काढून काकांना द्यायची आणि ती त्यांनी घरी कपाटात ठेवायची. जळलेल्या यंत्राला हात लावायच्या आधी ती प्रत हाताशी असलेली बरी, म्हणून मी म्हटलं, "काका, शनिवारची डिस्क आणा."

काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "आत्ता आनतो!" म्हणाले, आणि घराकडे जायचं सोडून तरातरा दोन नंबरच्या खोलीत शिरले.

मी मनात म्हटलं, नाही. नाही, नाही. पण ते बाहेर आले ते दोन्ही हातांत डिस्क धरूनच. पांढरीफेक, हिवाने मढलेली. "बग, अगदी जशीच्या तशी! कपाटात काय टिकतंय गो? थंडीत ठिवली!"

आणि बाहेरच्या दमट हवेत ती डिस्क आमच्या डोळ्यांदेखत घामाघूम झाली. तिच्या भोकातून पाणी ठिबकलं. काकांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डिस्क सदऱ्याला पुसायला लागले. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, आमच्या काकांनी ते थेट गोठवलं होतं.

मग राहिला एकच मार्ग. जळलेल्या यंत्राच्या पोटातली डिस्क काढून नवा आल्यापासून कोपऱ्यात पडलेल्या जुन्या, काकांनी पोकळ ठरवलेल्या कॉम्प्युटरात घालायची. ती वाचली असेल तर वाचली. स्क्रू काकांनीच काढले. बर्फात काम केलेले हात, ते कशाने कापत नाहीत. चालू केलं. डेटाबेस उठताना आधी आपली रोजनिशी वाचतो, कुठलं काम पुरं झालं, कुठलं अर्धं राहिलं ते बघतो, आणि पुऱ्या झालेल्याला धक्का लागू देत नाही. पडद्यावर ओळी सरकत होत्या. बाया श्वास रोखून. मला वेळ इतका लांब कधीच वाटला नव्हता.

यादी उघडली. शेवटची नोंद मी मोठ्याने वाचली: "चांगुणा. निळी, पिवळ्या काठाची. पापलेट, चार पेट्या. खोली दोन, ओळ सात."

काकांनी दार उघडलं, सातव्या ओळीत शिरले, वरच्या पेटीवरचं हीव तळव्याने पुसलं. निळी चिंधी. पिवळा काठ.

काय ओरडा झाला म्हणून सांगू! बाया नाचल्या, अक्षरशः नाचल्या, टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवले. तासाभरात प्रत्येकीची पेटी ज्या त्या टेम्पोत चढली, एकही इकडची तिकडे झाली नाही. मी खुर्चीत बसून हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम.

काका माझ्यापुढे येऊन उभे राहिले. कान पकडलेले नव्हते इतकंच. "घाल," म्हणाले.

"काय?"

"शिव्या. डेटाबेस टिकला, डिस्क मी बुडवली. आज खायची पाली माजी. घाल, चांगल्या घाल."

मला येईनात. चौलच्या वाडीत वाढलेली मी, आमच्याकडे नारळ डोक्यात पडला तरी "अगं बाई" म्हणतात. माझी दया येऊन चांगुणामावशीच पुढे झाली. "मेल्या दादूस, डोस्कं पन बर्फात ठिवलंस का रं? तिथंच राहूदे, हितं तसं पन काय कामाचं न्हाय!" सगळे पोट धरून हसले, काकाही. पण हसून झाल्यावर त्यांनी बोट वर केलं. "ही माजी भैन रोजच घालते, ती धरायची न्हाय. पोरी, तुजी ऱ्हायली."

ती राहिलीच. या गोष्टीला आता सात वर्षं होतील. मधल्या काळात डेटाबेसच्या नव्या आवृत्त्या आल्या, दर पावसाळ्यात करवंट्यांचा खेळ झाला, दर वेळी काकांनी प्लग उपटला. माझ्या कागदावरच्या शिव्या खायची वेळ काही आली नाही. काका अधूनमधून तक्रार करायचे, "एवडा कागद करून घेतला, कामाला म्हनून आला न्हाय."

यंदा नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकांनी सगळ्यांना बोलावलं. डॉक्टरांनी त्यांना थंडीत पाऊल टाकायची बंदी केली आहे. "सगला थंडीत टिकतो," म्हणाले, "माजे गुडगे सोडून." आता ते घरी बसणार आणि शीतगृह मी बघायचं, असं त्यांनी चहा सांगावा तसं सांगितलं. मग दोन नंबरच्या खोलीतल्या आपल्या फळीवरून शेवटचं म्हणून एक पाकीट मागवलं. त्यात माझा कागद होता, प्लास्टिकमध्ये बंद केलेला. डिस्कवरून काका तेवढं शिकले होते. अक्षर न् अक्षर जागेवर, मावशीच्या अंगठ्यासकट.

"ह्यो घे. आता तुजी तू शिव्या खायला मानूस शोध," म्हणाले. "पन माजी ती ऱ्हायलेली शिवी दे. ती घेतल्याबिगर मी काय जात न्हाय."

चाळीस बाया माझ्याकडे बघत होत्या. भिंतीला टेकवलेली ती पाटी तशीच होती, तिच्यावर काकांच्या हातची यंदाच्या जुलैची शेवटची नोंद. मला एकदम कळलं की पुढच्या पावसाळ्यात मी इथे बसेन आणि "ग्येऽऽली" अशी आरोळी येणार नाही. कुठून आलं कोण जाणे, तोंडातून निघालंच.

"मेल्या! आता मी प्लग उपटायला कुणाला बोलावू?"

आईने ऐकलं असतं तर तिथेच मटकन बसली असती. मग चांगुणामावशी हसत सुटली, तिच्या मागून सगळ्या बाया, आणि काका इतके हसले की त्यांना खांब धरावा लागला. डोळे पुसत पुसत ते माझ्याजवळ आले. दुखऱ्या गुडघ्यांवर हळूच वाकले, कान माझ्या डोक्याशी आणला आणि मधल्या बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. टक टक.

"टिकेल," म्हणाले.